रात्री अडीच वाजता अलार्म वाजला, तर पुढे कोण काय करणार? घराच्या अलार्मसाठी देखरेख सेवा निवडताना

सातारा शहराबाहेरच्या एका वसाहतीत माझ्या आईवडिलांचा बंगला आहे. वर्षातले तीन-चार महिने ते पुण्यात आमच्याकडे असतात आणि त्या काळात घराला कुलूप असते. तेथे अलार्म बसवायचा ठरला तेव्हा आम्ही सगळा वेळ सेन्सर किती असावेत, कीपॅड कोठे लावावा आणि भोंगा किती मोठा असावा, याच चर्चेत घालवला. काही महिन्यांनी एका रात्री तो भोंगा खरोखरच वाजला. वसाहतीतील कुत्री भुंकली, दोन-तीन घरांतले दिवे लागले आणि ठरलेल्या मिनिटांनी भोंगा आपोआप थांबल्यावर ते दिवे मालवले गेले. कोणीही बाहेर आले नाही. त्यात शेजाऱ्यांचा दोष नव्हता, कारण भोंगा वाजल्यावर कोणाला फोन करायचा आणि काय पाहायचे, हे आम्ही त्यांना कधी सांगितलेच नव्हते. त्या रात्री चोर नव्हता, सेन्सरवर बसलेली पाल होती. पण चोर असता तरी घडले असते तेवढेच.

पैसे मोजून देखरेख सेवा, म्हणजे घरचा इशारा कंपनीच्या केंद्रात पोहोचून तेथील माणसाने फोन करण्याची सोय, घेतो तेव्हा आपण भोंग्यानंतरची ही दहा-पंधरा मिनिटे विकत घेत असतो. पॅनेल (सगळे सेन्सर जोडलेली अलार्मची मुख्य पेटी), सेन्सर, कॅमेरे आणि मोबाइलवरचे अ‍ॅप ही सामग्री बाजारात कोठेही मिळते. इशारा आल्यावर कोण जागे असेल, तो कोणाला फोन करील आणि तो फोन उचलला गेला नाही तर पुढे काय करील, यावर मात्र विक्रेते सहसा फार बोलत नाहीत आणि ग्राहकही विचारत नाहीत. म्हणून माहितीपत्रकातील वैशिष्ट्यांची यादी बाजूला ठेवून निवड याच टोकापासून सुरू करावी, असे माझे मत आहे.

आधी गरज आहे का ते पाहावे

प्रत्येक घराला पैसे देऊन देखरेख लागतेच असे नाही. चोवीस तास जागता वॉचमन असलेल्या सोसायटीतील सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट असेल, घरात कायम कोणी ना कोणी असेल आणि पॅनेलचा इशारा घरातील दोघा-तिघांच्या मोबाइलवर जात असेल, तर बहुधा तेवढे पुरते. महिनोन्‌महिने बंद राहणारे गावाकडचे घर, वस्तीच्या टोकाचा बंगला किंवा रो-हाउस, एकटे राहणारे वृद्ध आईवडील आणि ज्यांची मुले परदेशात आहेत अशी कुटुंबे यांचा प्रश्न वेगळा आहे.

परदेशातील मुलांच्या बाबतीत एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. महाराष्ट्रात रात्रीचे अडीच वाजलेले असतात तेव्हा उन्हाळ्यात न्यू जर्सीत आदल्या दिवशीच्या संध्याकाळचे पाच आणि लंडनमध्ये रात्रीचे दहा वाजलेले असतात. म्हणजे येथील सगळे झोपलेले असताना तो मुलगा टक्क जागा असतो आणि इशारा सर्वांत आधी त्यालाच दिसण्याची शक्यता असते. त्याची खरी अडचण इशारा दिसल्यानंतर सुरू होते. तेथून ११२ हा आपला आपत्कालीन क्रमांक फिरवल्यास फोन साताऱ्याच्या पोलिसांना लागत नाही. त्याच्याकडे स्थानिक पोलीस ठाण्याचा एसटीडी कोडसह दूरध्वनी क्रमांक, जिल्हा पोलीस नियंत्रण कक्षाचा क्रमांक आणि रात्री फोन उचलणाऱ्या दोन शेजाऱ्यांचे मोबाइल क्रमांक असतील, तर त्याला देखरेख सेवेची गरज बरीच कमी भासेल. ते नसतील तर महागडे अ‍ॅप असूनही त्याने हातात मोबाइल धरून फक्त तळमळत बसायचे. सेवा घेतली तरी हे चार-पाच क्रमांक त्याच्याजवळ असलेच पाहिजेत.

इशारा घरातून बाहेर पडतो कसा

दाराचा सेन्सर उघडला की पॅनेल देखरेख केंद्राकडे एक छोटा सांकेतिक संदेश पाठवते. या संदेशांची ‘कॉन्टॅक्ट आयडी’ ही पद्धत जुनी असली तरी आजही सर्वत्र चालते. तिच्यात १३० म्हणजे घरफोडी, ११० म्हणजे आग, १२१ म्हणजे कोणी धाक दाखवून अलार्म बंद करायला लावला आहे, ३०१ म्हणजे वीज गेली, ३०२ म्हणजे बॅटरी उतरली आणि ६०२ म्हणजे नियमित चाचणीचा संदेश. हे आकडे पाठ करण्याची गरज नाही. मात्र कंपनीच्या माणसाला दोन प्रश्न जरूर विचारावेत. पहिला असा की, आमचे पॅनेल अशा सर्वमान्य पद्धतीने बोलते की फक्त तुमच्याच केंद्राला कळेल अशा भाषेत? दुसरा असा की, इशारा आल्यावर तुमच्या ऑपरेटरच्या पडद्यावर नेमके काय दिसते? ‘झोन ३’ एवढेच, म्हणजे वाजलेल्या सेन्सरचा नुसता क्रमांक, दिसत असेल तर तो शेजाऱ्याला काहीच उपयोगी सांगू शकणार नाही. ‘मागचे दार, स्वयंपाकघर, तळमजला’ असे दिसत असेल तर शेजारी कोणत्या बाजूला पाहायचे ते तरी ठरवू शकेल. झोनची ही नावे बसवणाऱ्या माणसाने भरायची असतात आणि घाईत ती बहुधा राहून जातात.

संदेश ज्या मार्गाने जातो तो मार्ग हीच या साखळीतील सर्वांत कच्ची कडी. आमच्या बाबतीत ती अगदी हास्यास्पद रीतीने तुटली होती. पहिल्या कंपनीने पॅनेलमध्ये प्रीपेड सिम घातले होते आणि ते रिचार्ज कोणी करायचे याचा करारात उल्लेखच नव्हता. कंपनीला वाटले की आम्ही करतो आणि आम्हाला वाटले की शुल्कात ते आलेच. प्लॅनची मुदत संपली, सिम मुके झाले आणि पुढचे जवळजवळ दोन महिने बंद घरातील पॅनेल हिरवा दिवा लावून निवांत बसले होते. आम्ही दर महिन्याचे शुल्क भरत होतो, केंद्रात आमचे खाते ‘चालू’ दिसत होते आणि मधल्या काळात तेथून एकही संदेश आलेला नाही याची दखल कोणीही घेतली नव्हती. सुट्टीत वडील साताऱ्याला गेले आणि दार उघडताना अलार्म बंद करायला विसरले, तेव्हा कोणाचाही फोन न आल्यामुळे हा प्रकार उघडकीस आला.

त्यामुळे सिम कोणाच्या नावावर आहे, रिचार्ज कोण करणार आणि चाचणीचा संदेश आला नाही तर केंद्र किती वेळात तुम्हाला फोन करणार, या तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. दिवसातून एकदा चाचणी संदेश पाठवणारे पॅनेल बिघडले तर ते कळायला एक पूर्ण दिवस जाऊ शकतो. इंटरनेटवर चालणारी बरीच नवी पॅनेले दर काही मिनिटांनी केंद्राला आपली खूण देत राहतात आणि ती थांबताच तेथे सूचना उमटते. बंद राहणाऱ्या घरासाठी हीच दुसरी पद्धत घ्यावी, असे मी सुचवीन.

सिमच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. स्वस्त पॅनेलमधील मोडेम अनेकदा फक्त टूजीवर चालतो आणि जिओचे जाळे टूजीचे नाहीच, त्यामुळे त्याचे सिम अशा पॅनेलमध्ये काम करीत नाही. एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचे सिम आज चालेल, पण ही जुनी जाळी कायम राहतील असे गृहीत धरू नये. अमेरिकेत २०२२ मध्ये मोठ्या कंपन्यांनी थ्रीजी बंद केले, तेव्हा जुन्या मोडेमची पॅनेले बदलावी लागली होती. नवे पॅनेल घेताना फोरजी मोडेमचाच आग्रह धरावा. शिवाय कोणत्या कंपनीची रेंज पुण्याच्या कार्यालयात चांगली येते याचा विचार करण्यात अर्थ नाही. ज्या कोनाड्यात किंवा जिन्याखाली पॅनेल बसणार आहे तेथे मोबाइल धरून रेंज पाहावी.

ब्रॉडबँड आणि सिम असे दोन्ही मार्ग असणे चांगले. एकच परवडत असेल तर मी सिमला पसंती देईन, कारण बंगल्यात येणारी फायबरची तार बाहेरच्या खांबावरून लोंबत आलेली असते आणि ती कापायला पक्कडही लागत नाही. मीटरची पेटीसुद्धा बहुतेक ठिकाणी फाटकाजवळच असते. मेन स्विच खाली ओढला की राउटर बंद पडतो, तेव्हा राउटरला स्वतःचा छोटा यूपीएस हवा. तारेच्या पॅनेलमध्ये बहुधा बारा व्होल्टची, सात अँपिअर-अवरची बॅटरी असते. पॅनेल आणि सेन्सर मिळून तीनशे मिलिअँपिअर वीज खात असतील, तर नवी बॅटरी हिशेबाने तेवीस तास पुरते. तीन उन्हाळे काढलेली बॅटरी त्याच्या निम्मा वेळ टिकली तरी नशीब. लोडशेडिंगच्या गावात हा हिशेब मांडून पाहावा आणि बॅटरी किती वर्षांनी व कोणाच्या खर्चाने बदलायची ते करारात लिहून घ्यावे.

पलीकडे बसलेला माणूस

देखरेख केंद्रांसाठी युरोपात ईएन ५०५१८ आणि अमेरिकेत यूएल ८२७ ही मानके आहेत. आपल्याकडे घरगुती ग्राहकाला अशा प्रमाणपत्राची प्रत क्वचितच दाखवली जाते, पण त्या मानकांमागील प्रश्न आपल्याला जसेच्या तसे वापरता येतात. केंद्रात रात्री किती माणसे असतात? एक जण उठून गेला तर दुसरा असतो का? वीज गेल्यास जनरेटर आहे का? केंद्रच बंद पडले तर संदेश दुसऱ्या कोणत्या केंद्राकडे जातात? ऑपरेटरचे फोन ध्वनिमुद्रित होतात का आणि तक्रार झाल्यास ते मुद्रण तुम्हाला ऐकवतात का? एटीएम आणि बँकशाखांची दूरस्थ देखरेख करीत आलेल्या कंपन्यांकडे ही व्यवस्था सहसा बरी असते. मात्र त्यांच्या दृष्टीने तुमचे घर हे हजारो एटीएममधील आणखी एक खाते ठरू नये, हेही पाहावे लागते. केंद्र तुमच्या शहरात असेल तर प्रत्यक्ष जाऊन अर्धा तास बसावे. ज्यांना हे मान्य नसेल त्यांच्याकडून किमान कारण तरी ऐकून घ्यावे.

केंद्र दुसऱ्या राज्यात असेल तर दोन अडचणी येतात आणि त्यांची उत्तरे आधीच मागावीत. पहिली अडचण ११२ची आहे. हा क्रमांक देशभर एकच असला तरी प्रत्येक राज्याचे प्रतिसाद केंद्र वेगळे आहे. बेंगळुरूमध्ये बसलेल्या ऑपरेटरने ११२ फिरवले तर फोन कर्नाटकच्या केंद्राला लागतो आणि तेथून साताऱ्याची गाडी हलवायची म्हणजे वेळ गेलाच. ‘आम्ही लगेच पोलिसांना कळवतो’ असे सांगणाऱ्या प्रतिनिधीला ‘कोणत्या क्रमांकावर?’ एवढेच विचारावे. तुमच्या हद्दीतील पोलीस ठाण्याचा आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक तुमच्या खात्यात नोंदलेला आहे आणि तो चालू आहे, याची खात्री त्यांच्यासमोरच करून घ्यावी. ‘आमची यंत्रणा पोलिसांशी थेट जोडलेली आहे’ असा दावा कोणी केला तर त्याचे लेखी स्वरूप मागावे. बहुतेक वेळा या जोडणीचा अर्थ ऑपरेटर फोन करतो एवढाच निघतो.

दुसरी अडचण भाषेची. मध्यरात्री झोपेतून उठवलेल्या साताऱ्याच्या सत्तरीतल्या काकांना घाईघाईच्या हिंदीत किंवा इंग्रजीत कोणी ‘इंट्रुजन’ झाल्याचे सांगू लागले, तर ते ‘राँग नंबर’ म्हणून फोन ठेवून देतील, किंवा हल्लीच्या फसवणुकीच्या फोनांमुळे आणखी घाबरतील. आमच्या समोर एसटीतून निवृत्त झालेले काका राहतात. त्यांच्याशी ऑपरेटरने कसे बोलावे हे आम्ही दुसऱ्या कंपनीला लिहूनच दिले: ‘काका, समोरच्या बंगल्याच्या मागच्या दाराचा अलार्म दोन मिनिटांपूर्वी वाजला आहे. तुम्ही बाहेर पडू नका. गच्चीवरून मागच्या बाजूला उजेड किंवा माणूस दिसतो का, एवढेच सांगा. मी फोन चालूच ठेवते.’ कोणत्याही कंपनीच्या छापील संहितेपेक्षा ही चार वाक्ये उपयोगी आहेत. फोन करणारा क्रमांकही काकांच्या मोबाइलमध्ये ‘अलार्मवाले’ या नावाने साठवून ठेवला, म्हणजे तो अनोळखी म्हणून कापला जात नाही. यासाठी कंपनीचा फोन नेहमी एकाच क्रमांकावरून येतो का, हेही विचारावे लागते.

कोणाला कोणत्या क्रमाने फोन करायचा त्याची यादी कंपनीच्या अर्जावर दोन रिकाम्या ओळींत उरकलेली असते, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ याच यादीला द्यायला हवा. पहिला फोन घरात, घर बंद असेल तर मालकाला, आणि तो उचलला नाही तर लगेच दुसऱ्या व्यक्तीला. एकाच क्रमांकावर पाच वेळा प्रयत्न करीत बसू नये असे स्पष्ट लिहावे. यादीत किमान एक जण असा असावा जो पायी पाच मिनिटांत फाटकापर्यंत पोहोचेल. ज्याच्याकडे किल्ली आहे आणि जो फक्त बाहेरून पाहणार आहे ती दोन वेगळी माणसे असली तरी चालतात, मात्र कोण काय करणार हे ऑपरेटरला माहीत हवे. कोणत्याही शेजाऱ्याने एकट्याने घरात शिरू नये, ही सूचना तर ठळक अक्षरांत लिहावी.

पत्ता लिहितानाही हीच काळजी घ्यावी. ‘प्लॉट क्रमांक अमुक’ यावरून पोलिसांच्या गाडीला घर सापडत नाही. ‘पाण्याच्या टाकीवरून डावीकडे, गणपती मंदिरानंतर दुसरी गल्ली, हिरवे फाटक’ यावरून सापडते. तो वळणावळणांचा पत्ता जसाच्या तसा खात्यात भरून घ्यावा.

संकेतशब्द दोन ठरवावेत. एक ‘सर्व ठीक आहे’ असे सांगणारा, आणि दुसरा कोणी समोर उभे राहून बोलायला लावत असेल तर वापरायचा. दुसरा शब्द ऐकल्यावर ऑपरेटरने काहीही न दाखवता ‘बरं, ठेवते’ म्हणून फोन ठेवायचा आणि त्याच क्षणी पोलिसांना कळवायचे, अशी पद्धत असते. वृद्ध आईवडिलांसाठी तो शब्द सोपा आणि घरगुती असावा. माझ्या आईने सुचवलेला शब्द इतका अवघड होता की ती स्वतःच तो आठवड्याभरात विसरली.

मदतीला माणूस येणार असेल तर

काही कंपन्या शुल्क वाढवून घेऊन ‘क्विक रिस्पॉन्स टीम’ पाठवण्याचे सांगतात. अशी सेवा मोठ्या शहरांत ठीक आहे. तालुक्याच्या गावी मात्र तिचा तळ कोठे आहे आणि रात्री किती गाड्या असतात हे विचारल्यावर उत्तर बहुधा मोघम येते. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या संस्थेला खासगी सुरक्षा संस्था (विनियमन) अधिनियम, २००५ खाली राज्याचा परवाना लागतो. परवान्याची मुदत पाच वर्षांची असते आणि तो व्यवसायाच्या जागी दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. देखरेख करणारी कंपनी आणि माणूस पाठवणारी संस्था अनेकदा वेगवेगळ्या असतात, म्हणून परवाना माणूस पाठवणाऱ्याचा पाहावा आणि तो महाराष्ट्राचा आहे ना हेही तपासावे. आलेल्या रक्षकाला पोलिसांचे अधिकार नसतात. त्याने बाहेरून पाहणी करून कळवावे आणि पोलीस येईपर्यंत थांबावे, एवढीच अपेक्षा ठेवावी.

पाल, पडदा आणि दिवाळी

खोट्या इशाऱ्यांचा विषय किरकोळ वाटतो, पण देखरेख सेवा निकामी होण्याचे तेच सर्वांत मोठे कारण आहे. हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर उष्णतेतील फरक टिपतो. दूरवर चालणारा माणूस आणि सेन्सरच्या काचेवरच बसलेली पाल त्याला सारख्याच मोठ्या वाटतात. उघड्या खिडकीचा पडदा, दुपारचे कवडशाचे ऊन, माळ्यावरची घूस आणि दिवाळीत सुतळी बाँबने हादरणारा कंपन-सेन्सर हे बाकीचे नेहमीचे पाहुणे. तीन वेळा विनाकारण उठवलेले काका चौथ्या वेळी फोन उचलत नाहीत. ब्रिटनमध्ये तर बारा महिन्यांत तीन खोटे इशारे गेले की पोलीस त्या अलार्मला तातडीने प्रतिसाद देणे बंद करतात, त्यामुळे तेथे दोन वेगवेगळ्या सेन्सरनी पुष्टी देण्याची पद्धत रुळली आहे. आपणही कंपनीला सांगून ठेवावे की एकट्या पीआयआरचा इशारा आल्यास आधी मालकाला फोन करावा; दार उघडल्याचा आणि त्यानंतर आतील हालचालीचा असे दोन इशारे लागोपाठ आले तर मात्र मालकाची वाट न पाहता पोलिसांना व शेजाऱ्यांना कळवावे.

कॅमेऱ्याचे चित्र ऑपरेटरला दिसत असेल तर खरे-खोटे ताबडतोब कळते, हे मान्य. तरीही आतील कॅमेरे फक्त अलार्म चालू असताना आणि इशारा आल्यावरच केंद्राला दिसावेत, अशी मांडणी मागावी. चित्रण कोठे साठते, किती दिवस राहते आणि सेवा बंद केल्यावर पुसले जाते का, याचे उत्तर २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा उल्लेख करून विचारले की थोडे गांभीर्याने मिळते, असा अनुभव आहे. शयनगृहात कॅमेरा नको, मग प्रतिनिधी काहीही म्हणो.

करार वाचताना

शुल्काची तुलना करताना त्यावर १८ टक्के जीएसटी धरला आहे का ते आधी पाहावे. त्यानंतर पॅनेल विकत मिळते आहे की भाड्याने, हे पाहावे. विकत घेतले असले तरी पॅनेलच्या आतील मांडणी बदलण्यासाठी लागणारा इन्स्टॉलर कोड कंपनीकडेच राहिला तर ते नावापुरतेच तुमचे. सेवा सोडताना दुसऱ्या कंपनीला त्यात हात घालता येत नाही आणि सगळा संच नव्याने घ्यावा लागतो. सेवा संपल्यावर हा कोड तुमच्या स्वाधीन केला जाईल, असे एक वाक्य करारात घालून घ्यावे. बंधनाचा काळ किती, तो संपल्यावर करार आपोआप पुढे चालू राहतो का आणि सोडण्यासाठी किती दिवस आधी कळवायचे, या बाबी बारीक अक्षरांत असतात. मी तीन वर्षांच्या सवलतीऐवजी एक वर्षाचा महाग करार पत्करला आणि त्याचा पश्चात्ताप झाला नाही.

चोरी झाल्यास कंपनीची जबाबदारी अमुक रकमेपुरतीच, हे कलम जवळपास प्रत्येक करारात असते आणि ते काढून टाकायला कोणी तयार होत नाही. कारण देखरेख सेवा म्हणजे विमा नव्हे. विम्याचीही एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे: १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेली ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मुख्यतः आग, पूर, भूकंप अशा आपत्तींसाठी आहे, त्यात चोरीचे संरक्षण आहे ते अशा घटनेनंतरच्या सात दिवसांत होणाऱ्या चोरीपुरते. कडीकोयंडा तोडून होणाऱ्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते आणि घर सलग किती दिवस बंद राहिलेले चालते, ही अट त्यात शोधून वाचावी. इशारा कधी आला आणि कोणाला कळवले, याची केंद्रातील नोंद विमादाव्याच्या वेळी कामी येते, म्हणून ती मागितल्यावर मिळेल हेही लिहून घ्यावे.

सेवा न देता शुल्क घेतले गेले तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही जेथे राहता किंवा काम करता तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, मग कंपनीचे कार्यालय कोणत्याही शहरात असो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. आमचे दोन महिन्यांचे पैसे पहिल्या कंपनीने तेवढ्यावरच परत केले.

पूर्ण वर्षाचे पैसे भरण्याआधी

निवड पक्की करण्यापूर्वी एक महिन्याचे शुल्क भरून चाचणी घ्यावी. केंद्राच्या पर्यवेक्षकाला ‘या आठवड्यात कधीतरी रात्री आम्ही चाचणी करणार आहोत, पोलिसांना कळवण्याआधी तुम्हाला विचारावे’ असे सांगून ठेवावे. ऑपरेटरला मात्र ते माहीत नसावे. मग घड्याळ आणि कागद घेऊन बसावे. पहिल्या रात्री मागचे दार उघडून किती मिनिटांत फोन येतो ते लिहावे. दुसऱ्या रात्री मेन स्विच पाडून आणि राउटर बंद करून तेच करावे. तिसऱ्यांदा फोन उचलूच नये आणि यादीतील दुसऱ्या माणसाला किती वेळाने फोन जातो ते पाहावे. फोन आल्यावर संकेतशब्द विचारला गेला नाही, किंवा नुसत्या ‘हो हो, सगळं ठीक आहे’ यावर ऑपरेटरचे समाधान झाले, तर बाकी सर्व काही उत्तम असले तरी ती सेवा घेऊ नये.

आम्ही ही चाचणी दिवाळीनंतरच्या एका आठवड्यात केली. शेवटच्या रात्री वडिलांनी मुद्दाम दार उघडून अलार्म वाजू दिला आणि फोन आल्यावर धाकाचा शब्द सांगितला. पलीकडची मुलगी अगदी शांतपणे ‘बरं काका, झोपा आता’ म्हणाली आणि तिने फोन ठेवला. वडिलांना वाटले की तिला कळलेच नाही. पण एक मिनिट होते न होते तोच पर्यवेक्षकाचा मला पुण्यात फोन आला, ही चाचणी आहे ना, अशी खात्री करणारा. चौथ्या मिनिटाला समोरच्या गच्चीवर बॅटरीचा उजेड हलला. काका खाली उतरले नव्हते, त्यांना सांगितले होते तसेच. कठड्याला रेलून, फोन कानाला लावून ते आमच्या मागच्या दाराकडे प्रकाशझोत फिरवत होते.